टेनिस बॉलवाला : वलनीचा उमेश यादव

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. कॉलेजच्या क्रिकेट टीमच्या सिलेक्शनसाठी अर्ज मागवले होते आणि ते चाळायचं काम माझ्याकडे होतं. साठेक अर्ज असतील. सगळ्यांना ट्रायलला बोलवायचं म्हटलं तर दोन दिवस ग्राउंड अडणार, म्हणून मी सोपा उपाय काढला. अर्जात एक रकाना असतो, 'यापूर्वी कोणत्या क्लबकडून किंवा जिल्ह्याकडून खेळलात?' ज्यांचा रकाना रिकामा, त्यांचे अर्ज बाजूला. अर्ध्या तासात काम फत्ते! मी खूश.

रात्री मेसमध्ये फर्स्ट इयरचा एक पोरगा ताट घेऊन समोर येऊन बसला. एटापल्लीकडचा. अंगानं काटकुळा, पण खांदे मात्र रुंद. म्हणाला, "भाऊ, माहा अर्ज काऊन काढला?" मी म्हटलं, क्लब लिहिला नाहीस. तो म्हणाला, "आमच्याकडं क्लब कुठून आणू? मी टेनिस बॉलच खेळलो. धान निघाले की गावोगावी टुर्नामेंट राहते, तिथंच." मी थोरल्या भावाच्या थाटात विचारलं, वय किती? एकोणीस. "मग आता सिझन बॉल कधी शिकणार बे? लेट झालं तुला." पोरगा काही बोलला नाही. वरण-भात कालवून मुकाट्यानं जेवला आणि गेला.

माझा रूममेट घुग्घुसचा, वेकोलिच्या कॉलनीत वाढलेला. तो एवढंच म्हणाला, "उमेश यादवनं सिझन बॉल कितव्या वर्षी धरला होता, माहीत आहे का तुला?" मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे त्या टेबलावर कोणालाच माहीत नव्हतं, आणि आम्ही सगळे स्वतःला क्रिकेटचे जाणकार समजतो! त्यानंतर मी शोधायला बसलो आणि जे हाती लागलं ते हा लेख.

उमेश यादवचा जन्म २५ ऑक्टोबर १९८७ चा. वडील तिलक यादव कोळसा खाणीत कामगार. घराणं मूळचं उत्तर प्रदेशातलं, पण खाणीतल्या नोकरीनं त्यांना नागपूर जिल्ह्यात आणलं आणि उमेश वाढला तो खापरखेड्याजवळच्या वलनीत. आपल्यापैकी जे दुर्गापूर, बल्लारपूर, घुग्घुस किंवा माजरीचे आहेत त्यांना वलनी वेगळी समजावून सांगायची गरज नाही. तिथेही वेस्टर्न कोलफिल्ड्सचीच खाण, पलीकडे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी, आणि कोणाच्याही घरी कोणत्याही राज्याची बोली. खाण कॉलनीत मराठी, भोजपुरी, तेलुगू, छत्तीसगढी सगळं एकाच नळावर ऐकू येतं. मैदान म्हणाल तर जी सपाट जागा रिकामी असेल ते मैदान.

अशा ठिकाणी टेनिस बॉल क्रिकेट सोडून दुसरं क्रिकेट नसतंच. सिझन बॉल महाग, त्याला पॅड लागतात, ग्लोव्हज लागतात, बरी खेळपट्टी लागते. टेनिस बॉलला एक बॅट आणि तीन काड्या पुरतात. उमेशही तेच खेळत होता, आणि वयाची विशी येईपर्यंत तेवढंच खेळत होता. लेदरच्या चेंडूनं गोलंदाजी त्यानं २००७ मध्ये सुरू केली, विदर्भ जिमखान्यात दाखल झाल्यावर. म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचा होता. आपल्या एटापल्लीवाल्या पोराच्या वयाचाच.

त्याआधी त्याला व्हायचं काय होतं, तर सैन्यात किंवा पोलिसात भरती व्हायचं होतं. क्रिकेटर होण्याचं कोणी स्वप्न वगैरे दाखवलेलं नव्हतं, घराला हातभार लावायचा होता. सैन्यात जमलं नाही. पोलीस शिपायाच्या परीक्षेत थोड्या गुणांनी हुकला.

हे वाचताना मी जरा थांबलोच. पहाटे पाचला उठून हॉस्टेलच्या गच्चीवरून रस्त्याकडे पाहा. रोज दहा-पंधरा पोरं धावत असतात. त्यातली काही आपल्याच होस्टेलची, डिग्री चालू असताना भरतीची तयारी करणारी. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यात पोलीस भरती म्हणजे काय असते हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही. गावातली सगळ्यात दमदार पोरं कुठल्याही खेळाच्या मैदानाआधी त्या मैदानावर जातात. त्यात जो लागतो त्याचं घर उभं राहतं. जो थोडक्यात हुकतो तो पुढच्या वर्षी पुन्हा धावतो. उमेशही त्या रांगेतला एक. तेव्हा ते गुण पडले असते तर आज तो एखाद्या पोलीस ठाण्यात असता आणि शहराबाहेर त्याचं नाव कोणाला ठाऊक नसतं. त्यात वाईट काही नाही, पण पर्थवर पाँटिंगची दांडी उडाली नसती एवढं नक्की.

पोलिसात हुकल्यावर त्यानं कॉलेजच्या टीमसाठी प्रयत्न केला. तिथून नकार आला. कारण? कुठल्याही क्लबकडून खेळलेला नाही!

हे वाचलं तेव्हा माझ्या कानशिलाला गरम वाटलं, खोटं कशाला सांगू. माझा रिकामा रकाना आणि तो नकार यांत फरक काय? गंमत म्हणजे हा नियम कोणी मुद्दाम दुष्टपणानं केलेला नसतो. ज्याच्याकडे साठ अर्ज आणि एक दिवस असतो तो असाच काहीतरी नियम करतो. पण परिणाम असा होतो की कॉलेज म्हणतं आधी क्लब आण, क्लबवाले बहुतेक मोठ्या शहरात, आणि खेड्यातला पोरगा मोठ्या शहरात येतो तोच मुळी कॉलेजसाठी. हे वर्तुळ फिरतच राहतं.

अमेरिकेत उलटं आहे. तिथला सगळ्यात मोठा खेळ म्हणजे त्यांचं फुटबॉल, अंडाकृती चेंडूचं, हेल्मेट-पॅड घालून धडका मारायचं. त्यात व्यावसायिक खेळाडू जवळजवळ सगळे कॉलेजातूनच तयार होतात. शाळेत खेळणाऱ्या पोरांना कॉलेजचे प्रशिक्षक स्वतः गावोगाव शोधत फिरतात, शिष्यवृत्ती देऊन घेऊन जातात, आणि पुढे त्यांच्या लीगचे ३२ संघ दर वर्षी सात फेऱ्यांत आळीपाळीनं खेळाडू निवडतात. त्याला ते ड्राफ्ट म्हणतात. शिडी अशी पक्की बांधलेली, की बाहेरून कोणी मध्येच चढणं अवघड. तरीही २०१८ च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनं सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर, जॉर्डन मेलाटा नावाचा एकवीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन घेतला, ज्यानं आयुष्यात अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच खेळलेली नव्हती! तो सिडनीत रग्बी लीग खेळायचा. पहिली दोन वर्षं पाठीच्या दुखण्यात आणि शिकण्यातच गेली, पहिली मॅच खेळायला २०२० उजाडलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच सुपर बोल जिंकणाऱ्या संघात होता. ईगल्सला त्याच्यात काय दिसलं असेल? अनुभव तर शून्य होता. दिसलं ते शरीर, पायांची चपळाई आणि दुसऱ्या खेळात कमावलेली ताकद.

इथे आपल्या इंजिनीअरिंगच्या डोक्यानं एक प्रश्न विचारायला पाहिजे. टेनिस बॉल खेळून खेळून उमेशनं नक्की काय कमावलं होतं?

टेनिस बॉलचं वजन साधारण ५८ ग्रॅम. सिझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅम, म्हणजे पावणेतीनपट. आकारात मात्र फारसा फरक नाही, एकाचा व्यास साधारण साडेसहा-पावणेसात सेंटिमीटर, दुसऱ्याचा सात-सव्वासात. आता फ्लुइड मेकॅनिक्स आठवा (ज्यांचा बॅकलॉग आहे त्यांनीही आठवा). हवेचा अवरोध चेंडूच्या आडव्या छेदावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो, वजनावर नाही. पण त्या अवरोधानं चेंडू किती मंदावेल हे वजनावर ठरतं. अवरोध जवळपास तेवढाच आणि वस्तुमान पावणेतीन पटीनं कमी, म्हणून टेनिस बॉल सिझन बॉलच्या अडीचपट तरी जास्त झपाट्यानं वेग गमावतो. शिवाय त्याच्यावर लव असते, ती आणखी हवा धरते.

म्हणून टेनिस बॉलमध्ये फलंदाजापर्यंत वेग पोचवायचा असेल तर हातातून सोडतानाच तो भरमसाट लागतो. त्यात शिवण नाही, स्विंग फारसा नाही, खेळपट्टीची मदत नाही. गोलंदाजाकडे दोनच हत्यारं उरतात, वेग आणि यॉर्कर. दहा वर्षं हेच केलं की खांदा आणि हात चाबकासारखा फिरायला शिकतो. उमेशकडे हे तयार होतं. सिझन बॉल हाती आल्यावर तोच हात १४० किलोमीटरच्या पुढे जाऊ लागला. १४० म्हणजे सेकंदाला जवळपास ३९ मीटर. चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंतचं अंतर साडेसतरा-अठरा मीटर धरा. फलंदाजाला मिळतो जेमतेम अर्धा सेकंद, त्यातच बघायचं, ठरवायचं आणि बॅट आणायची.

पण नुसत्या वेगानं भागत नाही, हीसुद्धा याच गोष्टीची दुसरी बाजू. सिझन बॉलची शिवण सरळ ठेवायला मनगट चेंडूच्या बरोबर मागे लागतं. टप्पा कुठे टाकायचा, ऑफ स्टंपच्या बाहेर किती, एकाच जागी सहाच्या सहा कसे टाकायचे, हे मुंबईचा पोरगा बारा-तेराव्या वर्षापासून घोटत असतो. ते उमेशला विशीनंतर शिकावं लागलं, तेही थेट मोठ्या मैदानावर, लोकांच्या देखत. 'फास्ट आहे पण धावा फार देतो' ही तक्रार त्याच्या पाठीमागे बरीच वर्षं राहिली आणि ती अगदीच खोटीही नव्हती. माझं मत विचाराल तर उशिराची किंमत त्यानं इथे मोजली. उशीर झाला की काहीच बिघडत नाही, असं मी म्हणणार नाही.

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस. प्रीतम गंधे. विदर्भाचा ऑफस्पिनर आणि तेव्हाचा कर्णधार. त्यानं या नवख्या पोराला पाहिलं. चेंडू इकडे-तिकडे जात होते, पण वेग कच्चा आणि अस्सल होता. गंधेचा हिशोब साधा होता. सहापैकी तीन चेंडू जरी याचे सरळ पडले, तरी फलंदाजाची धडगत नाही. उरलेले तीन वाया गेले तरी चालतील! त्यानं खटपट करून उमेशला एअर इंडियाकडून एका ट्वेंटी-२० स्पर्धेत खेळायला लावलं, म्हणजे रिकाम्या रकान्यात लिहायला काहीतरी नाव झालं.

पुढचं सगळं इतक्या वेगानं घडलं की वाचताना धाप लागते. ३ नोव्हेंबर २००८ ला उमेश मध्य प्रदेशाविरुद्ध विदर्भाकडून पहिली रणजी मॅच खेळला आणि पहिल्याच डावात ४ बळी घेतले. त्या मोसमात फक्त ४ सामने मिळाले, त्यात २० बळी, सरासरी १४.६० ची. दुलीप करंडकात मध्य विभागाकडून खेळताना राहुल द्रविड आणि व्हीव्हीएस लक्ष्मण त्याच्या चेंडूवर बाद झाले. सिझन बॉल धरून तेव्हा त्याला दोन वर्षंही धड झाली नव्हती. मग दिल्ली डेअरडेव्हिल्स, आणि मे २०१० मध्ये झिंबाब्वेला बुलावायोत भारताकडून पहिला एकदिवसीय सामना.

६ नोव्हेंबर २०११ ला दिल्लीच्या कोटलावर वेस्ट इंडिजविरुद्ध त्याला कसोटीची टोपी मिळाली. विदर्भाचा पहिला कसोटी क्रिकेटपटू! विदर्भाचा संघ म्हणजे नागपूरच नव्हे, अकरा जिल्हे, आपले दोन्ही धरून. इतकी वर्षं रणजी खेळणाऱ्या एवढ्या मोठ्या मुलखातून पहिला कसोटीपटू निघाला तो अकादमीतून नाही, खाण कॉलनीतून. दुसऱ्याच कसोटीत कोलकात्याला त्यानं ७ बळी घेतले आणि महिन्याभरात तो ऑस्ट्रेलियाच्या विमानात होता.

तो दौरा भारतासाठी भयंकर गेला, चारही कसोट्या हरलो. जानेवारी २०१२ मध्ये पर्थला ऑस्ट्रेलियाचे सलामीवीर २१४ धावांवर नाबाद होते, आणि तिथून सगळे ३६९ मध्ये गारद झाले. उमेशचे ९३ धावांत ५ बळी. रिकी पाँटिंगला त्यानं ७ धावांवर त्रिफळाचीत केलं. आपण डावानं हरलो तरी ती दांडी अजून कोणी विसरलेलं नाही. पाच वर्षांपूर्वी हाच पोरगा भरतीसाठी धावत होता.

मग शरीरानं हिशोब मागितला. नोव्हेंबर २०१२ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत पाठ गेली. वेगवान गोलंदाज पुढचा पाय आपटतो तेव्हा त्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि त्याच क्षणी कंबर वळलेली, वाकलेली असते. आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये फटीग शिकतो तेच. एका झटक्यानं मोडत नाही, पुन्हा पुन्हा भार आला की बारीक तडा जातो. लहानपणापासून सिझन बॉलनं ढिगानं षटकं टाकणाऱ्या पोरांना हे दुखणं वयात येण्याआधीच गाठतं. उमेशचा उशीर इथे त्याच्या पथ्यावर पडला असावा असं मला वाटतं, पण हा माझा तर्क, कोणी डॉक्टर वाचत असतील तर रागावू नये. महिनोन्‌महिने तो बाहेर होता. परतला तो जून २०१३ च्या चॅम्पियन्स करंडकाला, आणि तो करंडक भारतानं जिंकला.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे म्हणून पटकन सांगतो. २०१५ च्या विश्वचषकात १८ बळी, भारतातर्फे सगळ्यात जास्त, एकूण यादीत स्टार्क आणि बोल्टच्या मागोमाग तिसरा. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध एकाच कसोटीत १० बळी. भारतात खेळपट्ट्या फिरकीच्या, तिथे वेगवान गोलंदाजानं मायदेशात दहा बळी घेणं म्हणजे उन्हाळ्यात चंद्रपूरला गारवा मिळणं. त्याच्या आधी हे कपिल देव आणि श्रीनाथ यांनाच जमलं होतं. २०१९ मध्ये रांचीला बॅट घेऊन आला आणि १० चेंडूंत ३१ धावा ठोकून गेला, त्यात पाच षटकार. ती बॅटिंग ज्यांनी पाहिली त्यांना हा पोरगा मुळात टेनिस बॉलवाला आहे हे वेगळं सांगावं लागलं नाही. कसोटीत एकूण ५७ सामने, १७० बळी. शेवटची कसोटी जून २०२३ ची, ओव्हलवरची जागतिक अजिंक्यपदाची फायनल.

आणि ती सरकारी नोकरी? तीही मिळाली. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात क्रीडा कोट्यातून असिस्टंट मॅनेजर म्हणून त्याची नेमणूक झाली.

मला मात्र यात सगळ्यात भारी वाटते ती जानेवारी २०१९ ची रणजी सेमीफायनल, केरळमध्ये वायनाडला. उमेश तेव्हा कसोटी संघातला मोठा माणूस. पण विदर्भाची टोपी घालून आला आणि पहिल्या डावात ४८ धावांत ७, दुसऱ्यात ३१ धावांत ५. बारा बळी! विदर्भ डावानं जिंकला, आणि पुढच्या महिन्यात नागपूरला सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक उचलला. ज्या विदर्भाला लोक लिंबूटिंबू समजायचे, त्याची ही गोष्ट.

तर त्या एटापल्लीवाल्याचं काय झालं? हे वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी स्पोर्ट्सच्या सरांकडे गेलो, बाजूला काढलेले बावीस अर्ज त्यांच्यापुढे ठेवले आणि हे मी कसे काढले तेही सांगितलं. सर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, रविवारी ग्राउंड रिकामं आहे, बोलव सगळ्यांना. एकोणीस जण आले.

पोरगा दुसऱ्याचे बूट घालून आला होता, एक नंबर मोठे, आत मोजे कोंबलेले. त्याच्या पहिल्या ओव्हरचे दोन वाइड, एक तर थेट स्लिपच्या डोक्यावरून. चौथा चेंडू मी खेळलो. म्हणजे खेळायला गेलो, बॅट खाली यायच्या आत मागे काडी वाजली. सर अंपायरच्या जागी उभे होते. त्यांनी विचारलं, सहातले सरळ किती पडले रे? कोणीतरी मोजले होते, तीन.

सध्या तो पंधरा जणांत आहे, अकरात अजून नाही. नेट सकाळी साडेसहाला असते. सिझन बॉल दोनच आहेत, त्यातला एक पार झिजलेला, तो त्याच्याकडे दिला आहे. अर्जातला तो रकाना यंदा आम्ही काढून टाकला. त्या जागी आता 'गोलंदाजी की फलंदाजी?' एवढंच विचारलंय.